जनसंपर्क अधिकाऱ्याची खुर्ची कुठे?

सोलापुरातल्या कुठल्याही बैठकीत, मग ती उद्योजकांची असो, पतसंस्थेच्या संचालकांची असो की शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची, तासाभरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपलं मार्केटिंगच कमी पडतंय ओ." २०२५मध्ये होटगी रोडवरून प्रवासी विमानं उडू लागल्यापासून या वाक्याला आणखी जोर चढला आहे. शहराचं ब्रँडिंग करा, महापालिकेला चांगली पीआर एजन्सी लावा, संस्थांनी व्हिडिओ काढावेत, पुण्यामुंबईच्या लोकांना सोलापूर दिसलं पाहिजे. मग कुणीतरी तितक्याच ठरलेल्या सुरात उत्तर देतो: "आधी रोज पाणी द्या, मग ब्रँडिंगचं बघू. काम केलं की काम बोलतं." दोन्ही बाजू आवाज चढवतात, चहा येतो आणि वाद पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब होतो. हा वाद मला मुळातच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. कारण जनसंपर्क म्हणजे गाजावाजा, ही समजूत दोघांचीही सारखीच आहे. एकाला तो गाजावाजा हवा आहे, दुसऱ्याला नको आहे, एवढाच काय तो फरक.

माझं म्हणणं सरळ आहे. जनसंपर्कावर किती खर्च करायचा, हा नंतरचा प्रश्न. संस्थेत हे काम पाहणारा माणूस निर्णय होताना त्या खोलीत बसलेला असतो, की निर्णय झाल्यावर त्याच्या हातात नुसता कागद पडतो, हे आधी विचारायला हवं. खोलीत त्याची खुर्ची असेल, कागदपत्रं पाहायचा आणि 'हे असं करू नका, लोकांना असं असं सोसावं लागेल' म्हणायचा त्याला अधिकार असेल, तर त्याच्यावरचा खर्च सत्कारणी लागतो. नसेल, तर एक रुपयाही खर्च करू नये. हे महापालिकेला लागू आहे, साखर कारखान्याला लागू आहे, रुग्णालयाला आणि चादरीच्या कारखानदारालाही लागू आहे.

'पीआर म्हणजे थापा' म्हणणाऱ्यांकडे पुरावा भक्कम आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. या व्यवसायाच्या मूळपुरुषांत ज्याची गणना होते त्या एडवर्ड बर्नेजने १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींच्या हातात पेटत्या सिगारेटी दिल्या, त्यांना 'स्वातंत्र्याच्या मशाली' असं नाव दिलं आणि त्याचा वर्तमानपत्रांत बोभाटा होईल अशी व्यवस्था केली. बायकांनी चारचौघांत सिगारेट ओढणं तेव्हा असभ्य मानलं जाई. बर्नेजने स्त्रीमुक्तीचं नाव घेऊन तंबाखूला नवं गिऱ्हाईक मिळवून दिलं. यामागे अमेरिकन टोबॅको कंपनीचा पैसा आहे, हे मिरवणूक पाहणाऱ्याला कळायची सोय नव्हती. आपल्याकडे निवडणुकीच्या हंगामात बातमीचा वेष घेऊन येणाऱ्या जाहिराती त्याच कुळातल्या. एकाच उमेदवाराची एकाच शब्दांतली 'बातमी' तीन वर्तमानपत्रांत वाचलेल्या माणसाला 'जनसंपर्क' हा शब्द ऐकताच खिसा चाचपावासा वाटला, तर त्याचं काय चुकलं?

पण याच व्यवसायातला दुसरा मूळपुरुष, आयव्ही ली, याच्या आयुष्यातल्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. ऑक्टोबर १९०६मध्ये अटलांटिक सिटीजवळ पेन्सिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि ५३ माणसं गेली. अपघात दाबायचा आणि बातमीदाराला लांब ठेवायचं, ही तोवरची रेल्वे कंपन्यांची रीत होती. कंपनीचा सल्लागार असलेल्या लीने माहितीचं पत्रक काढायला लावलं आणि पत्रकारांना थेट घटनास्थळी नेण्याची सोय केली. आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा पहिला नमुना म्हणून त्या पत्रकाचा उल्लेख होतो. मला पत्रकापेक्षा ती घटनास्थळी नेण्याची सोय मोठी वाटते. बातमीदारांना अपघात पाहू द्यायचा की नाही, हा निर्णय होता आणि तो ठरत असताना लीच्या शब्दाला वजन होतं. आता आठ वर्षं पुढे या. एप्रिल १९१४मध्ये कोलोराडोतल्या लुडलो इथे संपावरच्या खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला. तंबूखाली खणलेल्या खड्ड्यात आसऱ्याला गेलेल्या २ बायका आणि ११ मुलं आगीत गुदमरून मेली. खाण कंपनी रॉकफेलर कुटुंबाच्या ताब्यातली. त्यांनी लीला बोलावलं ते सगळं होऊन गेल्यावर. त्याने पत्रकांची मालिका काढली, कामगार नेत्यांच्या कमाईचे चुकीचे आकडे छापले. पुढे चौकशी आयोगाने विचारलं, कंपनीने दिलेली माहिती खरी आहे का हे तपासायला तुम्ही स्वतः काय केलंत? त्याने कबूल केलं की काहीच केलं नाही. माणूस तोच, लेखणी तीच. १९०६मध्ये तो घटनेच्या जागी होता, १९१४मध्ये त्याच्यापुढे मालकाने धाडलेला कागद होता. थापा मारायला नेहमी दुष्ट माणूस लागतोच असं नाही. ज्याला खोलीबाहेर ठेवलंय, त्याला हाती आलेला कागद वाचून दाखवण्यापलीकडे काही उरत नाही.

आता 'काम बोलतं' या मुद्द्याकडे. सोलापूरकराला हा मुद्दा पटतो, याला इतिहासाचं कारण आहे. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवला. पारतंत्र्यात हे धाडस करणारी नगरपालिका म्हणून सोलापूरचं नाव देशभर झालं. त्यासाठी कुणाला जाहिरात करावी लागली नाही. सरकारने मे महिन्यात शहरावर मार्शल लॉ लादला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याला फाशी दिलं. ती कृती आज शंभरीला आली तरी बोलते आहे. मान्य. पण ती का बोलली, याचा विचार करा. झेंडा उंच होता, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता आणि त्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती. (एक गोष्ट जाता जाता: त्या चौघांतले कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचे. कृती बोलते यावर त्यांचाही विश्वास असणार, तरी त्यांनी छापखान्याची शाई सोडली नव्हती.) उजनीहून शंभरावर किलोमीटर जमिनीखालून येणारी जलवाहिनी झेंड्यासारखी दिसते का? ती नीट चालते तेव्हा कुणाला दिसत नाही, फुटते तेव्हाच दिसते. सार्वजनिक संस्थांचं बहुतेक काम असंच असतं, पुरलेलं आणि कंटाळवाणं. तिथे 'काम बोलतं' म्हणणं म्हणजे न बोलण्याची सोय करून ठेवणं आहे.

पाण्याचाच विषय निघालाय तर जरा तिथेच थांबू, कारण आपल्या शहरात संस्थेने लोकांशी कसं बोलावं याची रोजची परीक्षा तिथे होते. उजनी, टाकळी आणि हिप्परगा असे आपले पाण्याचे मार्ग. तरी घरात नळ येतो तो चार-पाच दिवसांआड. पंपहाउसची वीज गेली किंवा मुख्य जलवाहिनीला गळती लागली की टाक्या भरत नाहीत आणि सगळं रोटेशन एक दिवस पुढे सरकतं. मग एक ठरलेलं निवेदन येतं: 'तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा विस्कळीत होण्याची शक्यता असून नागरिकांनी सहकार्य करावे.' या वाक्यात खोटं काहीच नाही. उपयोगाचंही काही नाही. कुठली टाकी, कुठला भाग, आजचं पाणी उद्या की परवा, पहाटे की रात्री, नक्की ठाऊक नसेल तर नक्की कधी कळेल? विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने ठरते. 'सकाळी येईल' म्हणून ती घरी थांबली आणि पाणी रात्री आलं, तर पाण्याआधी तिचा रोज बुडाला. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याची झोप बुडाली. हा भुर्दंड कुठल्या अंदाजपत्रकात दिसत नाही, पण तो भरावा लागतो आणि बहुतेक वेळा तो पाणी कमी असल्यापेक्षा निरोप अर्धवट असल्यामुळे भरावा लागतो.

म्हणून मोहल्ल्यातल्या बायका निवेदनाची वाट पाहत नाहीत. त्यांच्याकडे चावीवाल्याचा, म्हणजे भागातल्या पाण्याची चावी फिरवणाऱ्या महापालिकेच्या कर्मचाऱ्याचा, नंबर असतो. "अण्णा, आज येतंय का ओ?" या प्रश्नाचं उत्तर महापालिकेच्या वतीने देणारा खरा माणूस तोच. शिव्या खाणाराही तोच. कुठल्या बोळाच्या टोकाला दाब पोचत नाही, कुठे एका घरात मोटार लावली की पुढची दहा घरं कोरडी राहतात, कुठल्या वस्तीत लग्नसराईत दोन दिवस आधी पाण्याची विचारणा सुरू होते, हे त्याला तोंडपाठ असतं. संस्थेला लोकांबद्दल जे माहीत असायला हवं ते सगळं तिच्याच पगारावरच्या माणसाच्या डोक्यात आहे, पण तिथून निर्णयाच्या खोलीत जायला वाट नाही. ती वाट बांधणं हे माझ्या मते जनसंपर्काचं पहिलं काम. एजन्सीला ते जमणार नाही. एजन्सी ड्रोनने सिद्धेश्वर तलावाचं सुंदर चित्रण करून देईल, आणि तलाव आहेच सुंदर, पण ते पाहून नळाची वेळ कळत नाही.

'हे सगळं आदर्श झालं, नियमात कुठे बसतं?' असं विचारणाऱ्यांनी माहिती अधिकार कायदा उघडून कलम ४ वाचावं. या कायद्याचं नाव घेतलं की आपल्याला अर्ज, दहा रुपये आणि अपील आठवतं. पण २००५च्या या कायद्यात अर्ज करायची वेळच येऊ नये, अशी तरतूद आधीच करून ठेवली आहे. सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती आपणहून प्रसिद्ध करायची आहे. लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सगळी तथ्यं प्रसिद्ध करायची आहेत. ज्यांना झळ बसते त्यांना निर्णयाची कारणं द्यायची आहेत. 'आखताना' हा शब्द कायद्यातला आहे, माझा नाही. म्हणजे निर्णय शिजत असतानाच लोकांना तथ्यं द्यायची, ही अपेक्षा गेली वीस वर्षं कायद्यात आहे. हे काम ज्याच्याकडे सोपवायचं तो माणूस निर्णय आखला जाताना बाहेर बाकड्यावर बसलेला असेल तर ते होणार कसं?

त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, जे सोलापूरने भिंतीवर लावून ठेवावं असं आहे: माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातलं सर्वांत परिणामकारक साधन यांचा विचार करायचा. आपल्या शहराच्या पूर्वभागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि उर्दू-दखनी तर शहराच्या मध्यावर. मराठी सगळ्यांना समजते हे खरं, बाजारात आणि कचेरीत तिच्यावरच भागतं. पण साठीतल्या पद्मशाली आजीला 'जलशुद्धीकरण केंद्रातील विद्युत उपकेंद्रात बिघाड' असलं मराठी समजतं का? ते तर शनिवार पेठेतल्या मराठी आजोबांनाही समजत नाही. आणि भाषा बदलायची तर हे बिघाडाचं मराठीही बदलावं लागेल, हे कुणी लक्षात घेत नाही.

राज्यकर्त्याने लोकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याचा आपल्या भागातला सर्वांत जुना नमुना आपल्याच भीमेच्या काठी आहे. गुलबर्गा जिल्ह्यातल्या सन्नतीला, जिथल्या चंद्रलांबेला इथली अनेक घरं कुलदेवी मानतात, सम्राट अशोकाचे शिलालेख सापडले. अशोकाने ठिकाण पाहून लिपी आणि भाषा बदलल्या. वायव्येकडे खरोष्ठी वापरली, कंदाहारला तर ग्रीक आणि अरामाईक. इथवर कुठलीही पीआर एजन्सी त्याला शाबासकी देईल. पण त्याहून मोलाची गोष्ट वेगळी आहे. कलिंगच्या युद्धात लाखाने माणसं मारली गेली याबद्दल पश्चात्ताप सांगणारा त्याचा प्रसिद्ध तेरावा लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथे, कोरलेलाच नाही. त्याच्या जागी दोन वेगळे लेख आहेत आणि तेच दोन लेख सन्नतीलाही मिळाले. त्यांत त्याने आपल्या अधिकाऱ्यांना बजावलंय की कुणाला विनाकारण कैद किंवा छळ होता कामा नये, आणि हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवला जावा, मधल्या दिवसांत एखादाच माणूस ऐकायला असला तरी वाचावा. कलिंगात पश्चात्ताप न कोरणं ही लबाडी होती की शहाणपण, यावर अभ्यासकांनी भांडावं. मला दिसतं ते असं: ज्यांना जखम झाली होती त्यांच्यापुढे त्याने आपल्या मनाची अवस्था मांडली नाही, अधिकाऱ्यांना दिलेली ताकीद मांडली, आणि तीही लोकांच्या कानावर पडेल अशी. आपल्या अधिकाऱ्याने कसं वागायचं हे आपल्याला आधीच माहीत असलं, तर त्याला जाब विचारता येतो. कलम ४ वेगळं काय सांगतं?

मात्र नीट समजावून सांगितलं की लोक काहीही मान्य करतात, असा याचा अर्थ काढू नये. पीआरवाल्यांची ही आवडती अंधश्रद्धा आहे. १८९७च्या पुण्यातल्या प्लेगचं उदाहरण घ्या. साथ खरी होती, माणसं मरत होती, रोग्याला वेगळं ठेवणं आणि घरं स्वच्छ करणं यामागे कारण होतं. पण रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरात, देवघरात आणि माजघरात शिरले. बायकांची तपासणी, सामानाची नासधूस, रोग्याला उचलून नेणं, या सगळ्याचा शेवट २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीत झाला. त्या वेळी सरकारने सोप्या मराठीत सुंदर पत्रकं वाटली असती, तर लोक शांत राहिले असते का? मला नाही वाटत. निर्णयच असा होता की त्याला शब्दांनी वाचवणं शक्य नव्हतं. पुढच्या काही वर्षांत सरकारने सक्तीची धार कमी केली आणि हाफकिनची लस लोकांच्या संमतीने देण्यावर भर आला. म्हणजे धोरण बदललं, तेव्हा बोलायला जागा झाली. 'माजघरात सोजीर पाठवू नका' हे बैठकीत, माणूस पाठवायच्या आधी, सांगणारा कुणी हवा होता.

अलीकडचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखतचं आहे. विमानांच्या वाटेत येते म्हणून वादात असलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. ती पाडायला हवी होती की नको, यावर आजही घराघरांत दोन तट आहेत आणि त्यांतल्या एका तटात मला इथे उभं राहायचं नाही. कारखान्यावर पोट असलेल्या ऊस उत्पादकाची भीती खरी होती, विमानसेवेअभावी शहर मागे पडतंय ही तळमळही खरी होती. खटकलं ते इतकंच की वर्षानुवर्षं बॅनर, मोर्चे, उपोषणं, पत्रकार परिषदा होऊनसुद्धा रस्त्यावरच्या माणसाला विचारलं तर त्याला 'चिमणी पाडा' किंवा 'चिमणी वाचवा' यापलीकडे सांगता यायचं नाही. उंचीचा नियम काय, धावपट्टीपासून अंतर किती, पर्याय कोणते तपासले, त्यांचा खर्च कुणी सोसायचा, हे एका पानावर दोन्ही बाजूंना मान्य होईल असं लिहून त्याच्या हातात कुणी ठेवलं होतं? घोषणा देण्यात दोन्हीकडचे लोक तरबेज होते. ते एक पान लिहिणारा कुठल्याच बाजूला नेमलेला नव्हता.

'मार्केटिंग कमी पडतंय' म्हणणाऱ्यांचंही एक म्हणणं मला मान्य आहे. चांगली वस्तू माहीतच नसेल तर विकत घेणार कोण, हे बरोबर. पण त्यांनी सोलापुरी चादरीचा विचार करावा. महाराष्ट्रात आणि बाहेर तिचं नाव ऐकलं नाही असं घर शोधावं लागेल. तिला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळूनही बरीच वर्षं झाली. तरी मिल बंद झाल्या, माग भंगारात गेले. चादरीला प्रसिद्धी इतकी आहे की बाहेरगावी विणलेला माल 'सोलापुरी' म्हणून बिनदिक्कत विकला जातो. नाव दुसऱ्याच्या उपयोगी पडावं इतकं मोठं असताना आणखी नाव करून कुणाचं भलं होणार? गिऱ्हाइकाला अस्सल चादर ओळखायची कशी, सूत कुठलं, वजन किती, किती धुण्यांपर्यंत रंग टिकतो आणि न टिकला तर कुणाकडे जायचं, हे सांगणं म्हणजे चादरीचा जनसंपर्क. आणि हे सांगायचं तर आधी कारखानदारांना एकत्र बसून प्रत ठरवावी लागेल, कमी प्रतीचा माल काढणाऱ्या शेजाऱ्याला नाही म्हणावं लागेल. ते अवघड आहे. त्यामानाने जाहिरात सोपी, म्हणून सगळे जाहिरातीबद्दल बोलतात.

कॅडबरीला हेच शिकायला महाराष्ट्रातच शाळा भरली होती. ऑक्टोबर २००३मध्ये राज्यात चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. दुकानदार माल नीट ठेवत नाहीत, असं कंपनीने आधी सांगून पाहिलं. अन्न व औषध प्रशासनाने उलट वेष्टनाकडे बोट दाखवलं, ऐन दिवाळीत विक्री पडली. मग कंपनीने विक्रेत्यांना साठवणुकीचं शिक्षण द्यायला घेतलं आणि जानेवारी २००४मध्ये जास्त खर्चाचं, हवाबंद वेष्टन आणलं. अमिताभ बच्चन पडद्यावर येऊन विश्वास ठेवा म्हणाले ते या वेष्टनाच्या जोरावर. आज त्या प्रकरणाची आठवण निघते तेव्हा लोकांना अमिताभ आठवतात, वेष्टन आठवत नाही. आपल्याकडचे बैठकबहाद्दर त्यावरून धडा काढतात की मोठा चेहरा आणा! मॅगीचं २०१५मधलं प्रकरण मला याहून बोलकं वाटतं, कारण तिथे कंपनीची बाजू कायद्यात टिकली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये बंदी रद्द केली. पण सुरुवातीचे दिवस कंपनी नियमावलीच्या भाषेत बोलत राहिली आणि आयांना हवं असलेलं साधं उत्तर, पोराला द्यायची की नाही, वेळेवर मिळालं नाही. नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानात परत आली तोवर हजारो टन माल नष्ट करून झाला होता. खरं बोलणारासुद्धा उशिरा बोलला तर हरतो.

इथे वकील मंडळी हात वर करतात, आणि त्यांचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. आज तोंडातून निघालेला शब्द उद्या न्यायालयात पुरावा होतो. अपघात झाल्या झाल्या कारण सांगितलं आणि ते चुकीचं ठरलं तर? बँकेने अडचण आहे म्हटलं आणि सकाळी दारात रांग लागली तर? हे भय काल्पनिक नाही, सहकारी संस्थांच्या जिल्ह्यात तर अजिबात नाही. पण गप्प राहून रांग टळते का? पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची मुभा मिळाली. कर्ज लपवलं गेलं होतं, तेव्हा कुठल्याही जनसंपर्क अधिकाऱ्याने तिथे काही केलं असतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या संस्थांमध्ये काहीच काळंबेरं नाही, त्यांनी त्या आठवड्यात आपल्या ठेवीदारांना काय सांगितलं? बहुतेकांनी 'अफवांवर विश्वास ठेवू नका' एवढंच. कारण न सांगता अशी विनंती केली की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी आहे खास. त्यापेक्षा आत्ता काय ठाऊक आहे, काय तपासणं चालू आहे आणि पुढचं किती वाजता सांगू, इतकं बोलायला कुठला वकील अडवेल? त्यासाठी वकील आणि जनसंपर्क अधिकारी एका टेबलावर हवेत, एकाने दुसऱ्याचा मसुदा खोडण्यापुरते नव्हेत.

जनसंपर्क खरा की देखाव्याचा हे तपासायचं असेल तर पतसंस्थेच्या दारात जा. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं, पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे, नागरी सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. हे किती ठेवीदारांना माहीत असतं? एखाद्या पतसंस्थेने आपल्या दर्शनी फलकावर, व्याजदराशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात हे लिहिलं, आणि त्याखाली आपला राखीव निधी किती, थकबाकी किती, लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता हे लिहिलं, तर तिचे काही ठेवीदार जातील. राहतील ते मात्र अफवेने हलणार नाहीत. मला ठाऊक आहे, हे वाचून संचालक हसतील. त्यांच्या हसण्यातच या विषयाचं सगळं दुखणं आहे: लोकांना सांगण्यासारखं तेवढंच सांगायचं असतं, असं त्यांना मनापासून वाटतं.

शेवटचा आक्षेप पैशाचा. वीस-पंचवीस कामगारांचा टॉवेल कारखाना किंवा गल्लीतला दवाखाना जनसंपर्क अधिकारी कुठून नेमणार? नेमू नये. मालकाने स्वतःच आठवड्यातून एकदा, माल पोचवणाऱ्याला, काउंटरवरच्या मुलीला आणि तक्रारीचा फोन घेणाऱ्याला बसवून विचारावं की या आठवड्यात लोकांनी तीच तीच कुठली गोष्ट विचारली. अशी विचारपूस करायला पैसे लागत नाहीत. लागतो तो ऐकून घ्यायचा धीर, आणि तोच दुर्मीळ आहे. मोठ्या संस्थांना मात्र ही पळवाट नको. त्यांच्या जनसंपर्क पदाच्या भरतीत आता छायाचित्रण, व्हिडिओ संपादन, समाजमाध्यमं हाताळण्याचा अनुभव अशा अटी असतात. पद कुणाच्या अखत्यारीत, कुठल्या बैठकांना हजर राहण्याचा हक्क, कुठली नस्ती पाहण्याचा अधिकार, याचा शब्दही नसतो. महापालिकेने हे पद भरताना त्या अटींत एवढी भर घालावी: पाणीपुरवठ्याच्या प्रत्येक आढावा बैठकीत हा अधिकारी बसेल, आणि झोननिहाय एकेक चावीवालाही त्या बैठकीला पाळीपाळीने बोलावला जाईल, हजेरी लावून, त्या दिवसाच्या पगारासह. ही अट मान्य झाली तर ब्रँडिंगच्या निविदेवर चर्चा करायला माझी ना नाही.